८८८ वॉकी उघडून घरचा नोड करायचाय, सल्ला हवा (गुहागर)

सड्यावरचा
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं हॅम (हौशी रेडिओचं) लायसन हातात आलं. घर गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या दक्षिणेला, वाडी अगदी घळीत. मागे सडा (कातळाचं पठार), पुढे माड-पोफळी. हातातल्या वॉकीचा आवाज वाडीच्या गडग्यापलीकडे जात नाही. सड्यावर चढलो तर कधीतरी दापोलीकडचं कुणी सापडतं, पण रोज कोण चढणार?

म्हणून ऑलस्टारलिंकचा (हॅम रेडिओ इंटरनेटवरून एकमेकांना जोडणारं जाळं) छोटा नोड, म्हणजे त्या जाळ्याला जोडलेलं घरचं रेडिओ केंद्र, करायचा बेत आहे. रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा संगणक) पडून आहे आणि बाओफेंगच्या बीएफ-८८८एस वॉकीचे दोन नग आहेत. एक नोडच्या पोटात कायमचा, दुसरा माझ्या कमरेला. आता शंका. रेडिओ उघडून तारा काढाव्यात की कानातल्या हेडसेटच्या प्लगवर भागेल? व्हॉक्सवर (बटण न दाबता आवाजाने आपोआप सुरू होणं) चालतो का? बॅटरीच्या जागी काय द्यायचं?

आणि खरा प्रश्न: वादळात हा उपयोगी पडेल का? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोलीत ताईकडे ना वीज ना मोबाईल, चार दिवस तिची खबर नव्हती. आईने तेव्हापासून धसका घेतलाय, म्हणून ती सध्या माझ्या सोल्डरिंगला काही बोलत नाही.

कथील
व्हॉक्सचा नाद सोड. तो आवाज ऐकून मग उघडतो, म्हणजे पहिलं अक्षर गिळणार, आणि पलीकडचा श्वास घ्यायला थांबला की मधेच बंद पडणार. नोडला आवाजाच्या आधी एक हो-नाहीची खूण लागते की कुणीतरी बोलतंय. त्याला सीओएस म्हणतात. ८८८ च्या बाहेरच्या प्लगवर ती खूण येत नाही, त्यामुळे रेडिओ उघडावाच लागतो.

बरेच जण सीओएससाठी हिरव्या एलईडीवरून तार घेतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. घेण्याआधी एक परीक्षा कर. नोडच्या रेडिओला सीटीसीएसएस टोन (बोलण्याखाली सतत वाजणारा ओळखीचा सूर) लाव आणि दुसऱ्यावरून टोनशिवाय पीटीटी (बोलायचं बटण) दाब. एलईडी पेटला पण स्पीकर गप्प, तर त्या एलईडीला टोनशी देणंघेणं नाही, आणि हवेतल्या कुठल्याही कचऱ्यावर तुझा नोड उघडणार. अशा वेळी स्पीकरच्या अँप्लिफायरला जागं करणारी रेघ शोधायची. मीटरचं काळं टोक ग्राउंडला, लाल टोक अँप्लिफायर चिपच्या एकेका पायावर (पिनेवर), आणि घरातल्या कुणाला तरी टोनसकट पीटीटी दाबायला बसवायचं. जिथे व्होल्टेज उडी मारतं ती तुझी रेघ. ती थेट यूएसबी साउंड कार्डाला (रेडिओ आणि रास्पबेरी यांना जोडणारं) लावू नकोस, मधे एक एनपीएन ट्रान्झिस्टर घाल. खूण उलटी होते, म्हणून ऑलस्टारलिंकच्या सिंपलयूएसबी ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'कॅरियरफ्रॉम'ला 'यूएसबीइन्व्हर्ट' लिही.

आवाज स्पीकरवरून घेऊ नये. व्हॉल्यूमची खुंटी कुणीतरी फिरवतंच. खुंटीचं जे टोक फिरवल्याने बदलत नाही तिथून, ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून घे. कपॅसिटर हवाच, कारण साउंड कार्डाच्या माइकच्या तोंडाशी डीसी असतो. उलट बाजूला कार्डाचा हेडफोन आवाज ८८८ च्या माइकला फार जोरकस होतो, तिथे मालिकेत १० के रोध आणि एक प्रीसेट (फिरवून बदलता येणारा छोटा रोध) ठेव.

कार्ड सीएम१०८ किंवा सीएम११९ चिपचंच घे. चिप काळ्या डांबरी थेंबाखाली गाडलेली असेल तर तो नग परत कर, पाय दिसायला हवेत. आणि कार्डावर आवाज कमी-जास्तची बटणं असतील तर सोनं. सीओएस जातो ४८ व्या पायावर, म्हणजे 'आवाज कमी'च्या बटणावर, आणि बटणाच्या पॅडला तार लावणं कुणालाही जमतं. पीटीटीला मात्र १३ व्या पायाला पर्याय नाही. दोन पायांत अंतर अर्धा मिलिमीटर! भिंग, फ्लक्स, केसासारखी तार, आणि काम सकाळी चहाच्या आधी. माझा हात चहानंतर थरथरतो. पाय १३ वरून ४.७ के मधून २एन३९०४ चा बेस, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर पीटीटी बटणाच्या त्या टोकाला जे दाबल्यावर ग्राउंडला जातं.

नारळीपाक
एवढा खटाटोप कशाला? एसए८१८ मॉड्यूल (तयार रेडिओची चिमुकली पाटी) आणा. पीटीटी, स्क्वेल्च (कुणीतरी बोलतंय ही खूण), आवाज सगळ्याचे पाय बाहेर आलेले, रेडिओ फोडायला नको.

कथील
@नारळीपाक, चांगला पर्याय आहे, नाकारत नाही. पण त्याच्या अँटेनाच्या बाजूला लो-पास फिल्टर नीट घालावा लागतो, नाहीतर हार्मोनिक्स (मूळ लहरीच्या पटीतल्या नको त्या लहरी) गावभर. शिवाय मॉड्यूल मागवून पीसीबी करणार कोण? त्याच्याकडे ८८८ घरात आहे. पहिला नोड ८८८ वर, दुसरा एसए८१८ वर. (दुसरा होतोच. मला विचारा.)

भरती_ओहोटी
रत्नागिरीतून. तुम्ही सगळे तारांवर बोलताय, खाऱ्या वाऱ्यावर कुणीच नाही. माझा पहिला नोड दोन पावसाळे टिकला. उघडला तर तांब्याच्या तारा हिरव्यागार कळकलेल्या, यूएसबीच्या तोंडाला पण तेच. आता सोल्डर झाल्यावर प्रत्येक सांध्यावर कन्फॉर्मल कोटिंग, नाहीच मिळालं तर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, गणपतीला आणि शिमग्याला बदलायच्या. डबा खिडकीच्या आतल्या बाजूला, जांभ्याच्या भिंतीला चिकटून अजिबात नाही, पावसात ती भिंत पाणी सोडते. अँटेना बाहेर असेल तर केबलच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप.

बॅटरीच्या जागी: ८८८ ला ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी असते, तेव्हा ४ व्होल्टच्या आसपास द्या. ५ व्होल्टमधून डायोड टाकून काम भागवणारे आहेत, पण बोलताना रेडिओ अँपिअरच्या घरात खेचतो आणि रास्पबेरी पाय त्याच तारेवर असेल तर बिचारा रीस्टार्ट होतो. मी १२ व्होल्टच्या बॅटरीवरून दोन वेगळे बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारे) लावलेत, एक रेडिओला, एक रास्पबेरीला. वीज गेली तरी नोड चालू. आपल्याकडे हे हौसेचं नाही, गरजेचं आहे.

देवगडकर
आधी एक सांगतंय, रागावू नकात. कारखान्यातून ८८८ मध्ये जी १६ चॅनेलं भरून येतात ती हॅमची नसत. आधी चर्प सॉफ्टवेअरने पुसून टाक. आपल्याक ७० सेंटिमीटर बँडमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच मिळतत, त्यातलो ४३५ पासून वरचो भाग सॅटेलाइटचो. म्हणून नोड ४३४ आणि ४३५ च्या मधी, आणि ४३४ च्या अगदी कडेक नको, खाली ४३३ मध्ये गेट-गाडीच्या रिमोटांचो बाजार असता. मगे सोल्डरिंग.

२०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाईन वॉकीटॉकी विकणाऱ्यांना नोटिसा धाडल्यान, त्यामुळे ह्या रेडिओंवर सगळ्यांचो डोळो आसा. नोड इंटरनेटाक जोडण्याआधी लायसनच्या अटी नीट वाच आणि डब्ल्यूपीसीक (लायसन देणाऱ्या केंद्राच्या कचेरीक) लेखी विचार. तवसर इंटरनेट काढून घरातल्या घरात पोपट करून ठेव, बोललेला परत ऐकवणारो. आवाज जुळवूक तोच बरो.

कथील
देवगडकर काकांना अनुमोदन. चर्पमध्ये आहेसच तर बॅटरी सेव्हर बंद कर, तो चालू असला की रेडिओ झोपेतून उठेपर्यंत पहिला शब्द गेलेला असतो. व्हॉइस प्रॉम्प्ट, बीप आणि व्हॉक्सही बंद. टाइम-आउट (ठरावीक वेळाने बोलणं आपोआप तोडणारा) मात्र चालू, आणि पॉवर 'लो'. नोडचा ८८८ तासन् तास बोलत राहतो, तो खिशातल्या वापरासाठी केलेला आहे.

सड्यावरचा
तीन आठवड्यांनी हजर. पाय १३ दुसऱ्या प्रयत्नात जमला (पहिलं कार्ड शहीद). एलईडीची परीक्षा केली, कथीलदादा म्हणाले तसंच, टोनशिवाय पेटतो. अँप्लिफायरची रेघ सापडली. आई पीटीटी दाबायला बसली होती, "हॅलो हॅलो" म्हणून कंटाळली आणि शेवटी भाजीवाल्याचा हिशोब वाचून दाखवला.

आता अडचण. पोपट म्हणून चालवला की बोलून झाल्यावर नोड माझं परत ऐकवतो, पण पीटीटी सुटतच नाही. टाइम-आउटनेच तोडलं, तोवर ८८८ हाताला चटके देत होता. डब्यात रास्पबेरी पाय, कार्ड, रेडिओ आणि रबरी अँटेना सगळं एकत्र आहे.

भरती_ओहोटी
शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. अँटेना कार्डाच्या मांडीवर बसलीय. तिची लहर पीटीटीच्या तारेत शिरते आणि ट्रान्झिस्टर चालूच राहतो.

कथील
हो. रेडिओ वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, बिस्किटांचा चालेल. दोन डब्यांमधल्या तारा वीतभर आणि शील्डेड, कार्डाच्या बाजूला फेराइट मणी, ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ग्राउंडला १ नॅनोफॅरड. रबरी अँटेना काढून तिथे एसएमए सॉकेट लाव. आणि घर-वाडीपुरतंच बोलायचं असेल तर सॉकेटला ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) लावून बघ. जी गळती होते तेवढ्यावर माझं अंगण भागतं.

सड्यावरचा
डमी लोड लावला, गोठ्यापर्यंत स्वच्छ! पीटीटी पण सुटतो. डब्ल्यूपीसीला पत्र लिहिलंय, उत्तराची वाट बघतोय.

वादळाचं मात्र कुणी बोललं नाही.

देवगडकर
कारण उत्तर तुका आवडूचा नाय. वादळात फायबर तुटता, टॉवर पडता, म्हणजे नोडची दुसरी बाजू गेली. उरलो तुझो ८८८ आणि गोठो. ताईची खबर हवी तर मधी कोणाची तार नको. ४० मीटर बँडवर ७ मेगाहर्ट्झचो साधो डायपोल घाल, १०-१० मीटरच्या दोन फांद्या, जमिनीपासून फार उंच नको. लहर सरळ वर जाता आणि आयनोस्फिअरवरून खाली शिंपडल्यासारखी येता. घळ, सडो, खाडी, काय आडवा येणा नाय. २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांच्या चमूने पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवले ते हॅमवर, त्यात इंटरनेट खंय होता? पण ताईच्या गावात ऐकणारो एक हॅम हवो, तो आधी शोध.

सड्यावरचा
दापोलीत एक काका आहेत, सड्यावरून सापडतात तेच. विचारतो त्यांना. दोन माडांत १८ मीटर अंतर आहे, डायपोल बसेल का?

भरती_ओहोटी
टोकं थोडी खाली लोंबू दे, चालतं. पण तार माडाला घट्ट बांधू नकोस. वाऱ्यात माड हातभर हलतो आणि तार तुटते. एका बाजूला कप्पी लाव आणि दोरीच्या टोकाला वाळू भरलेली दोन लिटरची बाटली टांगून ठेव. माड झुकला की बाटली वर-खाली होते, तार शाबूत. आणि बाटली पायवाटेवर नको, पाडेली (नारळ पाडणारा) वर चढताना शिव्या घालतो.