मदत हवी आहे: ऑनलाइन बालवर्गातल्या मुलांची आपसात गट्टी कशी जमवावी?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मी शनिवारी झूमवर मराठी बालवर्ग घेते. आठ मुलं आहेत, न्यू जर्सीपासून सिअ‍ॅटलपर्यंत पांगलेली. (न्यू जर्सीत सकाळचे दहा म्हणजे सिअ‍ॅटलला सात, त्यामुळे तिकडची दोघं डोळे चोळतच येतात.)

गाणी-गोष्टी छान चालतात. अडचण वेगळीच आहे. सगळी मुलं फक्त माझ्याशी बोलतात, एकमेकांची नावंसुद्धा त्यांना माहीत नाहीत. "शेजारच्याला विचार" म्हणावं, तर प्रत्येकाच्या स्क्रीनवर शेजारी वेगळा! चौकटीतलं नाव वाचायचं त्यांचं वय नाही. ब्रेकआउट रूममध्ये (झूमवरच्याच वेगळ्या छोट्या खोलीत) दोघांना सोडलं तर नुसती टकमक बघत बसतात, नाहीतर आईला हाका मारतात.

एकदा मात्र गंमत झाली. एकीने आपला कापडी हत्ती कॅमेऱ्यासमोर धरला, तर दुसरा पळत जाऊन स्वतःचा हत्ती घेऊन आला. मग दोन्ही हत्तींच्या बराच वेळ गप्पा! पण हेच ठरवून करायला गेलं की त्याचं प्रदर्शन होतं, जो तो आपलं खेळणं मलाच दाखवतो.

वर्ग अर्ध्या तासाचाच ठेवायचा आहे, या वयाला जास्त स्क्रीन नको. लॉकडाउनमध्ये कुणी असे वर्ग घेतले होते का? दुसऱ्या मुलाचं ऐकल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असा एखादा जोडीचा खेळ सुचवा ना. आणि पालकांनी शेजारी बसावं की खोलीबाहेर? माझं मत बाहेर, पण तुमचा अनुभव सांगा.