लिहायचं नेमकं कुठे अडतं? ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

दिवाळी अंकांची 'साहित्य पाठवा' अशी आवाहनं यायला लागली की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, ज्यांचं पाठवून झालंय आणि जे ते सगळ्यांना सांगत सुटलेत. दुसरी, ज्यांची कथा गेल्या दिवाळीपासून 'जवळजवळ झालीच आहे'. हा धागा दुसऱ्यांसाठी.

अट एकच. 'वेळ मिळत नाही' असं लिहायचं नाही. ठाण्यात राहून नोकरी करणाऱ्या कोणालाच वेळ मिळत नाही, ते गृहीत धरू. नेमकं कुठे अडलं? पहिल्या वाक्यापाशी, टायपिंगपाशी, की सासरचे वाचतील या धास्तीपाशी? आणि मग काय केल्यावर काम हललं? नसेल हललं तरी सांगा. 'रोज पहाटे उठा'वाल्यांनी पहाटे उठून दुसरीकडे लिहावं. वर फक्त ठिकाण आणि काम टाका, नाव नको.

ऐरोली, बँकेत नोकरी

सकाळच्या पनवेल गाडीत ऐरोलीला नुसतं शिरायला मिळालं तरी खूप. बसायला मिळालंच तर तुर्भ्यानंतर. तोवर एका हाताने कडी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहायचं. फोनमध्ये बोलून टाइप करायची सोय असते म्हणून तीही करून पाहिली. 'त्याच्या चहात काय घालायचं ते माझं ठरलंय' हे वाक्य मी भर लेडीज डब्यात फोनला ऐकवलं आणि शेजारची बाई चक्क सरकून उभी राहिली, तेही त्या गर्दीत!

अंगठ्याने संवाद भराभर होतात, वर्णनं होत नाहीत. ती रविवारी घरी बसून घालायची असं ठरवलं होतं, पण रविवार किराणा आणि लेकाच्या क्लासमध्येच जातो. त्यामुळे फोनमध्ये नुसत्या बोलण्याचे ढीग साठले, कथा एकही नाही. मला वाटायचं आपल्याला लिहिता येत नाही, नुसतं बडबडता येतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने ते वाचलं आणि म्हणाली, "अगं, दोघं बोलतायत तर बोलू दे की. वर्णन हवंय कोणाला?" म्हणजे मी इतके दिवस एकांकिका लिहीत होते आणि कथा होत नाही म्हणून रडत होते. आता बेलापूर येईपर्यंत एक तुकडा होतो. पावसात गाड्या रखडल्या तर दोन.

घोडबंदर रोड, गृहिणी

मी लिहीत नाही, आमचे हे लिहितात. म्हणजे लिहिणार आहेत. आधी टेबल आलं, मग टेबललॅम्प, मग शांतता हवी म्हणून मुलांच्या खोलीवर ताबा. सध्या खुर्ची पाठीला बरोबर नाही. त्यांना हा धागा वाचायला दिला. 'छान आहे' म्हणाले.

नेरूळजवळचं गाव, आयटीआयमध्ये निदेशक

आम्ही आगरी. नवी मुंबई वसवायला सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, त्यातलं एक आमचं. आजोबांची भातखाचरं होती तिथे आता सेक्टर आहे. आत्या माहेरी आली की एखाद्या सोसायटीच्या गेटपाशी थांबते आणि इथे कोणतं खाचर होतं, बांध कुठून जायचा, ते सांगते. वॉचमन बघत राहतो. हे सगळं लिहायचं मी कॉलेजपासून ठरवत होतो.

माझं अडणं आळसाचं नव्हतं, भीतीचं होतं. प्रमाण मराठीत लिहिलं की आत्या बातम्या दिल्यासारखी बोलायची. आगरीत लिहिलं की वाटायचं, लोक हसणार. आमची भाषा विनोदापुरतीच वापरायची सवय लागलीय सगळ्यांना. गाडीची 'गारी' झाली की समोरचा आधीच दात काढून तयार असतो. आणि त्याच भाषेत मला जमीन गेल्याचं लिहायचं होतं.

शिवाय लिहायचं कसं हाही खरा प्रश्न. 'ळ'चा ल होतो, 'ण'चा न होतो, 'ड'चा र होतो, इथवर ठीक. पण पुढे गावागणिक फरक. साहित्य महामंडळाचे लेखनाचे अठरा नियम आहेत ते प्रमाण भाषेचे. आत्याच्या वाक्यापुढे ते घेऊन बसलो तर तिचं एकही वाक्य उभं राहत नाही. एका स्पर्धेत कथेवर 'भाषा सुधारावी' असा शेरा आला होता. त्यानंतर बरेच दिवस वहीला हात लावला नाही.

हललं ते भलत्याच वाटेने. आत्याला धवले येतात. लग्नात धवलारीण म्हणते ती गाणी. तिचं वय झालंय, म्हणून फोनवर रेकॉर्ड करायला बसलो. कादंबरीचा विचारही नव्हता. ऐकून ऐकून वहीत उतरवायला लागलो आणि लक्षात आलं की उतरवताना 'हे चांगलं होतंय का' हा किडा डोक्यात येतच नाही. ऐकू येतं ते लिहायचं, एवढंच काम. मग दोन गाण्यांच्या मधल्या गप्पाही उतरवल्या. तिचं सासर जासईकडचं. जानेवारी १९८४ मध्ये त्या भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्याबद्दल मी वाचलं होतं. पण त्या रात्री कोणाच्या घरात चूल पेटली, कोणाच्या नाही, कोण कोणाची पोरं घेऊन झोपलं, हे मला त्या रेकॉर्डिंगमध्ये मिळालं. तिथून कादंबरी सुरू झाली.

आता पद्धत ठरलीय. निवेदन प्रमाण भाषेत, माणसांचं बोलणं आगरीत, आणि प्रत्येक प्रकरण आत्याला वाचून दाखवायचं. तिची टीका एकच असते: "असा नाय बोलत आमी." मग ते वाक्य पुन्हा.

धागाकर्ती

दादा, 'गारी' तशीच ठेवा. हसणाऱ्यांना दुसऱ्या प्रकरणापर्यंत नेलंत की पुरे. आणि एक विनंती, धवल्यांची मूळ रेकॉर्डिंग दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा. फोन कधी दगा देईल सांगता येत नाही.

ठाणे स्टेशनजवळ, डीटीपीचं काम

मी लेखक नाही, लेखकांचं टाइप करतो. माझ्या बाजूने सांगतो. निम्मे लोक हस्तलिखित व्हायच्या आधी मुखपृष्ठाबद्दल विचारायला येतात. मुखपृष्ठ बघितलं की पुस्तक झाल्यासारखं वाटतं आणि मग ते लिहायला परत जात नाहीत. म्हणून मी आता मजकूर पूर्ण झाल्याशिवाय मुखपृष्ठ दाखवत नाही. धंद्याचं नुकसान आहे, पण काय करणार.

दुसरं, शक्यतो पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला तो डोळ्याच्या पापणीसारखा र तर हमखास मोडतो. मग लेखक मुद्रितं तपासताना वैतागतो आणि पुस्तक तिथेच सहा महिने झोपतं. हाताने लिहिणाऱ्यांनी लाजू नये. कागदाच्या एकाच बाजूला लिहा आणि पानांवर आकडे घाला, एवढी कृपा करा.

पुस्तकाची ओळख म्हणून जो आयएसबीएन क्रमांक छापतात, त्यासाठी पैसे मागणारे भेटतात. आपल्या देशात तो क्रमांक सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो. पैसे लागलेच तर ते अर्ज भरून देणाऱ्याच्या मेहनतीचे.

नौपाडा, निवृत्त शिक्षिका

माझी टाळाटाळ फार सभ्य आहे. तिला मी 'संदर्भ गोळा करणं' म्हणते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, त्यावर मुलांसाठी कथा लिहायची होती. मराठी ग्रंथसंग्रहालय हाकेच्या अंतरावर, १८९३ पासूनची संस्था, तिथे पुस्तकांना काय तोटा! चौतीस किलोमीटरचा तो प्रवास मला पाठ झाला, पण कथेची एक ओळ नाही. आणखी एक पुस्तक वाचलं की सुरुवात करू, असं चाललेलं.

भाचीच्या मुलीला ही सगळी माहिती ऐकवत होते. तिने विचारलं, "आजी, गाडी बघायला मुलांनी शाळा बुडवली होती का?" आता याचं उत्तर मी चाळलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. म्हणजे ते मलाच ठरवावं लागणार. त्या संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारून आले आणि शाळा बुडवणारा एक मुलगा लिहायला घेतला. त्याच्या वडिलांना आगगाडी म्हणजे भुताटकी वाटते. पुस्तकं अजून आणते, पण आता प्रश्न आधी लिहून नेते आणि तेवढंच शोधून परत येते.

कोपरखैरणे, आयटी

मित्राशी पैज. रविवारी रात्रीपर्यंत एकमेकांना दोन पानं पाठवायची, वाचायची नाहीत, फक्त आली की नाही ते बघायचं. न पाठवणाऱ्याकडून मिसळ. वाचायचं नाही हा नियम महत्त्वाचा आहे, नाहीतर मी पाठवलंच नसतं. मित्राचं वजन वाढलंय, यावरून काय ते समजा.

कळवा, परिचारिका

दर आठवड्याचा नियम ज्यांना जमतो त्यांना जमो. माझी ड्युटी फिरती आहे. नाइटच्या आठवड्यात मी पाट्यासुद्धा वाचत नाही, लिहिणं दूरच. आधी प्रत्येक वेळी नियम मोडला म्हणून सगळंच सोडून द्यायचे. आता नाइट संपल्यावरच्या सुट्टीत सलग लिहिते आणि मधले दिवस हिशोबात धरत नाही. वॉर्डातलं लिहायचं तर वय, गाव, आजार सगळं बदलावं लागतं, नाहीतर पेशंटचे नातेवाईक ओळखतील. ते बदलताना बऱ्याचदा कथाच सुचते, हा फायदा कोणी सांगितला नव्हता.

कोपरखैरणे, आयटी

एक प्रश्न. पहिलं पुस्तक स्वखर्चाने काढावं का? एका प्रकाशकाने मोठी रक्कम सांगितली आहे.

धागाकर्ती

लगेच पैसे देऊ नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. त्यांचं आवाहन निघालं की नियम नीट वाचा, कारण ती पहिल्याच पुस्तकाला आहे. स्वखर्चाने एक काढून बसलात तर ही वाट बंद होऊ शकते. अर्जासोबत पूर्ण हस्तलिखित लागतं. तुमची किती पानं झालीत?

कोपरखैरणे, आयटी

मित्राला विचारून सांगतो. सगळी त्याच्याकडेच आहेत.