मदत हवी आहे: बाईला कोर्टात सूट मिळते की दुहेरी शिक्षा?

समाजशास्त्राच्या निबंधात एका जागी अडकलेय. गुन्ह्यांचा अभ्यासक पोलाक (१९५०) म्हणतो, पोलीस आणि न्यायाधीश बायकांशी दाक्षिण्याने वागतात, म्हणून आकड्यांत त्यांचे गुन्हे कमी दिसतात. समाजशास्त्रज्ञ फ्रान्सेस हायडेनसनचं उलट: कायदा तर मोडलाच, वर 'बाईसारखं' वागली नाही, म्हणून शिक्षा दुहेरी.

दोन्ही जुळवून पाहिलं. लहान मुलं पदरात, मान खाली घालून उभी असलेली, तिला सूट. नजर न झुकवणारी एकटी बाई, तिला जास्त. वाचायला झकास वाटतं, पण मग फॅरिंग्टन आणि मॉरिस हे संशोधक आडवे येतात. त्यांनी १९८३ च्या अभ्यासात चोरीची ४०८ प्रकरणं तपासली. गुन्ह्याचं स्वरूप आणि आधीची नोंद हिशेबात धरल्यावर शिक्षेच्या तीव्रतेत बाई-पुरुष फरक उरलाच नाही.

बायका गुन्हा का करतात यावरचं कार्लेन आणि ॲडलर या अभ्यासकांचं लिखाण वाचून झालंय, पण ते शिक्षेवर नाही. त्यामुळे कृपया ते सुचवू नका. शब्दमर्यादा ८००, स्वतः पाहणी करायला वाव नाही.

तर नेमकं विचारायचंय ते हे: फॅरिंग्टन-मॉरिस फक्त दाक्षिण्याचा मुद्दा खोडतात, की माझी जुळवाजुळवही त्यांच्यापुढे टिकत नाही? का सूट आणि सजा एकमेकींना खाऊन सरासरी सारखी दिसते, असं म्हणता येईल?