पंचायत समितीच्या आधी जनपद सभा होती

नागपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावातली जुनी कचेरी दिसली की 'पंचायत समितीची, म्हणजे 1962 नंतरचीच' असं म्हटलं जातं. कार्यालय 1962 चं असेल, पण इमारत त्याआधीची असू शकते. मधला एक टप्पा सुटतोय. नागपूर जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रांतात (नंतर मध्य प्रदेशात) होता. तिथे ग्रामीण भागाच्या स्थानिक कारभारासाठी आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि तिच्याखाली लोकल बोर्डं होती. 1948 च्या कायद्याने ती जाऊन त्याच कामासाठी साधारण तहसीलनिहाय जनपद सभा आल्या. मुंबई राज्यात गेल्यावरही त्या चालू राहिल्या. 1 मे 1962 ला जिल्हा परिषद आली तेव्हा संपल्या. पश्चिम महाराष्ट्रात हा प्रकार नव्हता, म्हणून तिकडच्या लेखांवरून इथली तारीख काढली की हमखास चुकते.

इमारत कधीची ते तपासायचं तर आधी नझूलची (वस्तीतल्या सरकारी जमिनीची) शीट आणि प्लॉट नंबर काढा. सातबारावर थांबू नका, गावठाणातली जागा तिथे सहसा सापडत नाही. मग जिल्हा परिषदेच्या जुन्या मालमत्ता नोंदवहीत 'जनपद' किंवा 'लोकल बोर्ड' शोधा. फक्त कोनशिलेवर विसंबू नका, ती अनेकदा वाढीव खोलीची असते. नगरपालिकेची इमारत असेल तर कागद वेगळे, 1922 च्या म्युनिसिपल कायद्याखालचे.

आणि कृपा करून, भिंत चुन्यातली असेल तर सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि पोपडे सुटतात. चुन्याचाच गिलावा हवा.