पायऱ्यांखाली चिपमंकांची बिळे: विष न घालता बंदोबस्त कसा करावा?

नमस्कार. आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. घराच्या पुढच्या काँक्रीटच्या पायऱ्यांलगत आणि मागच्या दगडी बांधाच्या कडेने या उन्हाळ्यात चिपमंकांनी, म्हणजे खारीसारख्या छोट्या पट्टेदार प्राण्यांनी, बिळे केली आहेत. बिळाचे तोंड जेमतेम दोन इंचांचे, अगदी गोल असते आणि भोवती मातीचा ढीग मुळीच दिसत नाही, कारण उकरलेली माती हे प्राणी गालांच्या पिशव्यांत भरून लांब नेऊन टाकतात. त्यामुळे आत किती पोखरले गेले आहे, याचा बाहेरून काहीच अंदाज येत नाही. बोगदे वीस ते तीस फूट लांब असू शकतात हे कळल्यापासून मला पायऱ्या खचण्याची धास्ती वाटते आहे.

बागेचे नुकसान वेगळेच. पिकू लागलेला टोमॅटो एका बाजूने कुरतडून तसाच झाडावर सोडलेला असतो. ट्युलिपचे कंद उकरून नेले, डॅफोडिलचे मात्र विषारी असल्यामुळे शाबूत राहिले. तिखटाचे पाणी फवारले, पण एका पावसात ते धुऊन जाते. बर्ड फीडरखाली (पक्ष्यांसाठी दाणे ठेवायच्या टांगत्या भांड्याखाली) सांडणाऱ्या सूर्यफुलाच्या बियांवर त्यांची झुंबड उडत असे. फीडर घरापासून दूर हलवल्यावर पायऱ्यांजवळची वर्दळ थोडी कमी झाली.

विष मला अजिबात वापरायचे नाही, कारण ते खाल्लेला चिपमंक घुबडाच्या किंवा शेजारच्या मांजरीच्या तोंडी लागला तर तेही जीव जातील. पिंजऱ्यात पकडून दूर सोडणे अनेक राज्यांत परवानगीशिवाय बेकायदेशीर आहे. शिवाय हा प्राणी हिवाळ्यात मधूनमधून जागा होऊन साठवलेल्या दाण्यांवर जगतो, तेव्हा साठा हिरावून त्याला परक्या रानात सोडणे मला क्रूरपणाचे वाटते.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारायचे आहे, की पायऱ्यांलगतची बिळे नेमकी केव्हा बुजवावीत? वसंतात आणि पुन्हा भर उन्हाळ्यात आत पिल्ले असतात, थंडीत सगळेच आत असतात, आणि जिवंत प्राणी गाडला जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. तोंडाशी कागदाचा सैल बोळा ठेवून तो काही दिवस हलला नाही, तर बीळ रिकामे आहे असे मानता येईल का? वाफ्यांभोवती पाव इंची छिद्रांची लोखंडी जाळी बसवणार आहे. आमच्याकडच्या चिकणमातीत ती किती खोल पुरावी लागेल, आणि दगडी बांधाच्या फटींवर तीच जाळी कोणी बसवली असल्यास ती टिकली का, हेही कृपया सांगावे.