राइया आणि रयत, डोला आणि दौलत

प्रश्न

नमस्कार मंडळी. केनियातल्या जून २०२४ च्या करवाढविरोधी आंदोलनावरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करते आहे. मूळ लेख स्वाहिलीत आहे आणि माझी स्वाहिली बेताची. त्यात 'राइया' आणि 'वानान्ची' हे दोन शब्द सारखे येतात. कोशात दोन्हींपुढे 'नागरिक' असंच दिलंय, पण लेखकाने ते एकमेकांच्या जागी वापरलेले वाटत नाहीत. शिवाय राइया म्हणजे आपली रयतच ना? मग सरळ 'रयत' लिहू का?

प्रतिसाद

ताई, नोकरीनिमित्त अकरा वर्षं नैरोबीत काढली, म्हणून या शब्दांविषयी माया आहे. जरा सविस्तर लिहितो.

रयत आणि राइया सख्खी भावंडं, यात शंका नाही. मूळ अरबी. 'राई' म्हणजे मेंढपाळ, आणि त्याने राखलेला कळप ती 'रईया'. राज्यकर्ता राखणदार आणि माणसं त्याचा कळप, अशी ती कल्पना. हा शब्द आपल्याकडे फारसीचं बोट धरून दख्खनच्या दरबारांत आला, आणि तिकडे झांजिबार-मोंबासाच्या किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून उतरला. समुद्र एकच, बंदरं वेगळी.

पण पुढे दोघांचं नशीब वेगळं निघालं. आपल्या रयतेच्या मागे कायम कोणीतरी राजा उभा असतो. ज्या ठिकाणी हा शब्द आपण अतिशय प्रेमाने घेतला, उदाहरणार्थ १९१९ साली कर्मवीरांनी काढलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या नावात, तिथेही तो कष्टकरी, शेतकरी, दबलेला समाज याच अर्थी आहे. स्वाहिलीत मात्र राइया कळपातून बाहेर पडून माणूस झाला. त्याला 'उ' हा भाववाचक उपसर्ग लागला की 'उराइया', म्हणजे नागरिकत्व. सैनिक नव्हे तो, या अर्थीही राइयाच म्हणतात. तुम्ही रयत लिहिलंत तर वाचकाच्या डोळ्यांपुढे गढी आणि पाटील येईल, हातात मोबाइल धरून संसदेच्या दिशेने चाललेली वीस वर्षांची मुलगी येणार नाही. तेव्हा राइयासाठी बिनदिक्कत 'नागरिक' लिहा.

सत्तेचे बहुतेक शब्द असेच दोन्ही किनाऱ्यांवर सापडतात. आपला रईस म्हणजे चार पैसे बाळगून असलेला खानदानी माणूस. तिकडे 'राइस' म्हणजे थेट राष्ट्राध्यक्ष. अरबीत मूळ अर्थ प्रमुख. आपला तायफा म्हणजे नाचगाण्याचा संच, आणि तिकडे 'ताइफा' म्हणजे राष्ट्र! टांझानियाच्या ज्यूलियस न्येरेरेंना 'बाबा वा ताइफा' म्हणतात, राष्ट्रपिता. अरबीत ताइफा म्हणजे नुसता समूह. कोणी त्यात कलावंतीण पाहिली, कोणी देश. न्येरेरेंचाच 'उजामा' घ्या, हे त्यांच्या धोरणाचं नाव. 'जामा' म्हणजे आप्त, गणगोत, आपल्या 'जमात'चाच नातलग. म्हणून उजामाचं भाषांतर 'समाजवाद' असं करून मोकळं होऊ नये. हे धोरण मांडणाऱ्या १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यात पुढाऱ्यांना दोन पगार नकोत, भाड्याने द्यायची घरं नकोत, कंपन्यांचे शेअर नकोत अशी बंधनं होती. घरातला कर्ता स्वतःचं ताट आधी वाढून घेत नाही, हा त्यामागचा विचार. सक्तीने वसवलेल्या गावांमुळे त्या धोरणाने शेतकऱ्यांचे हालही केले, हे खरं. पण शब्द घराचा आहे, 'आपलेपण'च्या जवळचा, तो तसाच ठेवावा असं मला वाटतं.

सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो 'डोला', म्हणजे आपली दौलत. पेशवाईतल्या कागदांत दौलत म्हणजे राज्य. आज दौलत म्हणजे पैसा. स्वाहिलीने जुना अर्थ राखला: डोला म्हणजे राज्यसंस्था, आणि 'व्योंबो व्या डोला' म्हणजे पोलिसांसारख्या राज्याच्या यंत्रणा. पण अरबी धातूचा अर्थ आहे फिरणं, आळीपाळीने हाती येणं. दौलत म्हणजे मुळात पाळी! आज तुमची, उद्या आमची. केनियाच्या राजकारणात 'आता आमची खायची पाळी' ही भाषा वर्षानुवर्षं चालत आली आहे. आपण लाच खातो, तेही 'कुला रुश्वा' म्हणतात, कुला म्हणजे खाणं आणि रुश्वा म्हणजे जुन्या मराठीतली रुशवत. आपलं चहापाणी, त्यांचा नुसता 'चाय'. शब्द मुळापासून तपासला की सत्तेकडे पाहायची एक जुनी खोड हाती लागते.

आणि सेरिकाली, म्हणजे आपलं सरकार. घराजवळ एक बाई चपात्या विकायची. (चपाती हा शब्दही तिथे आपल्याकडूनच गेला.) एकदा महागाईवरून बोलणं निघालं तेव्हा तव्यावरची चपाती उलटत ती शांतपणे म्हणाली, सेरिकाली नी सिरी काली. सिरी म्हणजे गुपित, काली म्हणजे जहाल. सरकार म्हणजे जहाल गुपित. व्युत्पत्ती म्हणून चूक आहे, शब्द फारसीच. पण पूर्व आफ्रिकेत ही फोड पुष्कळांच्या तोंडी आहे आणि लोकांनी सरकारला काय ओळखलंय ते तिच्यात आहे. तुमच्या लेखात ही म्हण आली असेल तर कृपा करून गाळू नका.

प्रश्नकर्ती

काका, खूप आभार. म्हण आहे लेखात, ठेवते. पण वानान्चीचं काय? 'भूमिपुत्र' चालेल का? शब्दशः तेच होतंय.

प्रतिसाद

शब्दशः तेच होतंय, म्हणूनच जपायला हवं. 'म्वाना' म्हणजे लेकरू, 'न्ची' म्हणजे जमीन आणि देशही. एक असेल तर म्वानान्ची, अनेक असतील तर वानान्ची. (शेवटची 'ची' पाहून मराठी षष्ठी समजू नका, माझी सुरुवातीला तीच फसगत झाली होती.) यात अरबी नाही, फारसी नाही, शब्द अस्सल बांटू, म्हणजे आफ्रिकेतल्याच भाषाकुळातला आहे. कळपाच्या शब्दाशेजारी हा लेकराचा शब्द उभा आहे, आणि तुमच्या लेखकाने दोन्ही निवडून वापरलेत ते यासाठीच असावं. कायद्यापुढे राइया, रस्त्यावर वानान्ची. इंग्रजीत बोलतानाही केनियन माणूस 'कॉमन म्वानान्ची' म्हणतो.

पण मराठीत भूमिपुत्र म्हटलं की लगेच परप्रांतीय समोर येतो. तो शब्द कुणाला तरी बाहेर ठेवतो. त्या जूनमध्ये नैरोबीच्या रस्त्यांवर उलट घडत होतं. केनियात मतं जमातीवर मागितली जातात हे जुनं दुखणं, आणि ही मुलं सांगत होती की आमचा कोणी पुढारी नाही, आम्हाला जमात नाही. तिथे भूमिपुत्र लिहिणं अन्याय होईल. 'जनता' जवळ आहे, पण सरकारी जाहिरातींनी तो गुळगुळीत केलाय. मी 'लोक' लिहीन. आपल्या संविधानाची सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक' अशी आहे. केनियाच्या २०१० च्या संविधानातही पहिल्याच कलमात सार्वभौम सत्ता लोकांची म्हटली आहे. साधा शब्द आहे, पण त्याच्याइतकं वजन दुसऱ्यात नाही.

दुसरे एक सदस्य

चर्चा छान चाललीय. एक भर घालतो. २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत विल्यम रुटो 'हसलर' म्हणून लोकांपुढे गेले आणि जिंकले, घराणेशाहीविरुद्ध फाटका माणूस. याला 'धडपड्या' म्हणू नका, 'हातावर पोट असलेला' म्हणा. समोर रायला ओडिंगा होते, केनियाच्या पहिल्या उपराष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. त्यांना समर्थक 'बाबा' म्हणत, स्वाहिलीतही बाबा म्हणजे वडील. ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळात उपचार घेत असताना ते गेले.

प्रश्नकर्ती

हसलर आहे लेखात, 'हातावर पोट' घेते. शेवटचं एकच. 'झाकायो शुका' अशी घोषणा आहे. झाकायो कोण?

प्रतिसाद

झाकायो म्हणजे रुटोच. बायबलमधला जकातदार जक्कय, जो येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला होता. कर वाढत गेले तसं लोकांनी हातावर पोट असलेल्याचं नाव बदलून जकातदाराचं ठेवलं. २५ जूनला जमाव संसदेत घुसला, गोळीबारात माणसं मेली, आणि दुसऱ्या दिवशी रुटोंनी वित्त विधेयकावर सही करायला नकार दिला. मराठी बायबलमध्ये 'जक्कय' असंच रूप आहे, तेच घ्या, आणि मजकुरातच एका वाक्यात गोष्ट सांगा. तळटीप नको, तिच्याने घोषणेचा जोर जातो.

प्रश्नकर्ती

मग असं करते: 'जक्कया, आता त्वरेने खाली उतर!'

प्रतिसाद

'त्वरेने' काढा, 'आता' काढा, 'खाली'सुद्धा काढा. शुका हे क्रियापद नैरोबीच्या मटाटूत, म्हणजे तिथल्या खचाखच भरलेल्या खासगी मिनीबसमध्ये, दिवसभर कानावर पडतं. थांबा आला की माणूस ज्या शब्दाने उतरतो तोच हा. जक्कया, उतर.