पुरातत्त्व शिकणाऱ्यांना लॅटिन-ग्रीक सक्तीचं असावं का?

अक्षरवेडी:
ग्रीक-रोमन जग आणि पुरातत्त्व एकत्र शिकवणाऱ्या बऱ्याच डिग्र्यांमधे आता लॅटिन, ग्रीक ऑप्शनल असतं, भाषांतरं वाचून भागतं म्हणे. मला हे अजिबात पटत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा या रोमन छावणीत १९७३ पासून शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडतायत, इ.स. १०० च्या आसपासच्या. त्यातल्या एकीत क्लॉडिया सेवेरा मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावतेय, मजकूर लेखनिकाचा पण शेवटच्या काही ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. त्या आपल्याला वाचता येऊ नयेत?

खापरशोध्या:
वाचता याव्यात की, पण सक्ती कशाला? तीन वर्षांतला केवढा वेळ विभक्त्या घोकण्यात गेला तर खापरं, हाडं, परागकण, कार्बन डेटिंग कधी शिकायचं? आणि त्या काळचे ग्रंथ लिहिले कोणी, तर बहुतेक वरच्या वर्गातल्या पुरुषांनी. गुलाम काय खात होते हे हाडं आणि उकिरडेच सांगतात. प्राचीन ट्रॉय शहर खोदणाऱ्या श्लीमानला ग्रीक येत होतं, ट्रॉयच्या युद्धाचं काव्य रचणाऱ्या होमरवर जीव होता, आणि १८७० च्या दशकात त्याने हिसार्लिकला, म्हणजे ट्रॉयच्या जागी, सरळ मोठा खंदक मारून वरचे थर उडवले. ज्याला तो ट्रॉयचा राजा प्रायम याचा खजिना म्हणाला तो निघाला ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळाआधी हजारेक वर्षांचा! ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराचंही तेच, रोमन लेखक प्लिनीच्या पत्रावरून सगळे उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट ७९ धरून बसलेले, आणि खोदकामात डाळिंबं, शेगड्या वगैरे शरद ऋतूच्या खुणा निघत होत्या.

अक्षरवेडी:
अहो पण २०१८ साली तिथेच भिंतीवर कोळशाने लिहिलेली तारीख सापडली, १७ ऑक्टोबर, ती लॅटिनमधेच आहे ना. आणि प्लिनीच्या हस्तलिखितांमधे तारखांचे पाठभेद आहेत, ते भाषांतर वाचणाऱ्याला दिसणारच नाहीत. श्लीमानचा दोष खोदण्याच्या पद्धतीचा होता, ग्रीकचा नाही.

खापरशोध्या:
त्या ओळीत साल कुठाय? कोळशाचं लिखाण फार टिकत नाही आणि घराचं काम चालू होतं, म्हणून ते ७९ चंच असणार असा तर्क आहे. म्हणजे नुसती भाषा येऊन तारीख ठरली नाही, भिंत आणि थर बघावेच लागले.

मधलीवाट:
दोघांचंही वाचलं. प्राचीन ग्रीसमधल्या मातीच्या पाट्यांवरची लीनियर बी लिपी १९५२ मधे मायकेल व्हेंट्रिसने उलगडली, तो आर्किटेक्ट होता, पण त्याआधी अॅलिस कोबरने शब्दांची रूपं ताडून पाहिली होती आणि नंतर चॅडविक हा भाषेचा माणूस सोबत आला. निघालं काय, तर मेंढ्या, लोकर, तेल यांच्या नोंदी. राजवाड्याच्या हिशेबाला भाषा आणि माती दोन्ही लागतात. एक वर्ष सक्तीचं ठेवा, शिलालेख आणि नाण्यांवरचा मजकूर लागेल एवढंच, पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

खापरशोध्या:
एका वर्षाला माझी हरकत नाही, पण मग भाषेकडून येणाऱ्यांनाही एक सीझन खोदकाम सक्तीचं करा.

अक्षरवेडी:
करा ना, आनंदाने. पण एका वर्षात शिलालेख लागत नाहीत, निम्मे शब्द संक्षेपात असतात. दोन वर्षं हवीतच.